लाइन एकोणीस तास गेली होती: टीएनएफ रिसेप्टरचं प्रथिन टाकून द्यावं का?

पळसफूल (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे. मधलं काही गाळलं तर नेमकं त्यातच कारण दडलेलं असेल अशी भीती वाटते, म्हणून सगळं लिहिते.

मी इथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवरसायनशास्त्र शिकवते आणि सोबत पीएच.डी. करते. विषय पळसाच्या फुलांचा. आमच्याकडे फाल्गुनात ही फुलं रात्री भिजवून त्या पाण्याने लेकरांना आंघोळ घालतात, उन्हाळा बाधत नाही म्हणतात. माझ्या आजीने मला घातली, मी माझ्या भाच्यांना घालते. त्या फुलांच्या अर्कात सूज उतरवणारं काही आहे का, आणि असेल तर ते टीएनएफच्या संदेशाला कुठे अडवतं, एवढं मला शोधायचं आहे.

या विषयात नसलेल्यांसाठी थोडं सांगते. टीएनएफ हे आपल्याच रोगप्रतिकारक पेशी सोडतात ते प्रथिन. ते दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर बसलं की आत संदेश जातो: सूज आण, नाहीतर मर. रिसेप्टरचा एक भाग पेशीच्या आत असतो, एक पडद्यात रुतलेला आणि एक बाहेर. माणसाच्या जनुकातला फक्त बाहेरच्या भागाचा तुकडा घेऊन तो दुसऱ्या पेशींकडून बनवून घेता येतो. मग तो कुठेही न रुतता द्रवात मोकळा फिरतो आणि टीएनएफला पेशीपर्यंत पोचायच्या आधीच धरतो. पाणी बांधापाशी येण्याआधी चर खोदून वळवावं तसं. माझ्या प्रयोगात तो तुलनेसाठी लागतो. टीएनएफ पूर्ण अडला तर प्लेट कशी दिसते हे त्याच्यावरून कळेल, आणि मग पळसाचा अर्क त्याच्या कितपत जवळ जातो ते मोजता येईल.

मी टीएनएफ रिसेप्टर-१ च्या बाहेरच्या भागाच्या दोन कुप्या मागवल्या. एचईके-२९३ पेशींत (माणसाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या) बनवलेलं, शेपटाला हिस्टिडिनचा टॅग (ओळखून पकडता यावं म्हणून जोडलेली खूण), प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम, सोबत बीएसए (गाईच्या रक्तातलं, भर म्हणून घालतात ते प्रथिन) नसलेलं. एक कुपी म्हणजे माझं जवळपास दीड महिन्याचं मानधन. कुरिअर यवतमाळपर्यंतच येतं, तिथून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आणला. कुपी उजेडात धरली तर रिकामीच दिसली. तळाशी धुकं बसल्यासारखा एक डाग, बस. झाकण उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूज फिरवून घेतलं, पीबीएसमध्ये (मीठ-फॉस्फेटच्या साध्या द्रावणात) मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम होईल असं विरघळवलं आणि छोट्या छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. दुसरी कुपी अजून पावडरच आहे, सील न तोडलेली.

फ्रीझर म्हणजे विभागातल्या घरगुती फ्रीजचा वरचा कप्पा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वादळात खांब पडला आणि लाइन एकोणीस तास आली नाही. सकाळी पाहिलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी होतं. माझ्या नळ्याही वितळलेल्या. लाइन आल्यावर परत गोठल्या.

त्यानंतरचा प्रयोग असा. पेशी वाढवायची सोय आमच्याकडे नाही, ती नागपूरला एका प्रयोगशाळेत मिळते. पाच तासांचा प्रवास, सकाळची पहिली गाडी. म्हणून आदल्या संध्याकाळीच इथे पीबीएसमध्ये मिश्रणं करून ठेवली: टीएनएफ मिलीलिटरला १ नॅनोग्रॅम, त्यात रिसेप्टर १०, ५० आणि १०० नॅनोग्रॅम. रात्रभर बाहेरच राहिली. सकाळी बर्फाच्या डब्यातून नेली आणि उंदराच्या एल-९२९ पेशींवर अॅक्टिनोमायसिन-डी सोबत (त्याने पेशी टीएनएफपुढे हळव्या होतात) घातली. दुसऱ्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं. जगलेल्या पेशी तळाला चिकटून राहतात आणि जांभळ्या होतात, मेलेल्या धुऊन जातात. रिसेप्टरचे खाने गडद जांभळे यायला हवे होते. ते जवळजवळ पांढरे आले. १० आणि ५० नॅनोग्रॅमचे खाने तर नुसत्या टीएनएफपेक्षाही पांढरे.

तेव्हा विचारते: प्रथिन त्या रात्री मेलं का? माणसाचा रिसेप्टर उंदराच्या पेशींवर चालत नाही असं तर नाही? आणि जेलवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करतात तिथे) बँड ३० किलोडाल्टनच्या आसपास दिसते, हिशेबाने २०-२१ यायला पाहिजे. मला चुकीचंच प्रथिन आलं असेल का? दुसरी कुपी फोडायची हिंमत होत नाही.

---

जनावरांचा_दवाखाना (दारव्हा)

ताई, मी पशुसंवर्धनात आहो. प्रथिनाचं तुमचं तुम्ही पाहा, थंडीचं मी सांगतो. आमच्या लसी वीस वर्सं याच लाइनीवर सांभाळल्या.

एका वाटीत पाणी गोठवा. गोठलं की वर रुपयाचं नाणं ठेवजा आन् वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. तुम्ही चार दिवस गावाला गेल्या आन् मधात लाइन जाऊन बर्फ वितळला, तर नाणं खाली बसते. मग लाइन आली तरी नाणं तळालाच गोठते. वर दिसलं तर वितळलं नाही. नाणं बुडालेलं दिसलं तर आतलं एकदा तरी पाणी झालं होतं समजा.

दुसरं, कप्पा रिकामा ठेवू नोका. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, तिथी गारवा लय वेळ टिकते. आन् तुमचा फ्रीज बर्फ न साचणारा असंल तर तो आपोआप गरम होऊन बर्फ काढते. लाइन न जाताही दिवसातून गरम-थंड होतच राह्यते. नळ्या थर्माकोलच्या डब्यात, मधोमध ठेवा.

---

आर्वीकर (मूळ आर्वी, आता पुणे)

ताई, मी तीसेक वर्षं प्रथिनं शुद्ध करण्याच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला तुमच्या फ्रीझरपेक्षा तुमच्या एसटीच्या प्रवासाची जास्त शंका येते. क्रमाने सांगतो, आधी सोपं ते.

जेलवरची बँड बरोबर आहे. रिसेप्टरच्या या भागावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि एचईके पेशी त्या जोडतात, म्हणून तो हिशेबापेक्षा जड दिसतो. हेच प्रथिन ई. कोलायमध्ये केलं असतं तर शर्करा नसती आणि बँड खाली आली असती. १९८८-८९ मध्ये टीएनएफला धरणारं प्रथिन पहिल्यांदा माणसाच्या लघवीतून वेगळं केलं, तेही तीसच्या आसपासच होतं. तो या रिसेप्टरचाच शरीरात तुटून सुटा झालेला बाहेरचा भाग, हे नंतर १९९० मध्ये जनुक हाती आल्यावर पक्कं झालं. म्हणजे तुम्ही नळीत जे करता आहात ते शरीर आधीपासून करतं.

उंदराच्या पेशींचंही काही बिघडत नाही. तुमचा रिसेप्टर पेशीला हात लावतच नाही, तो द्रवातल्या मानवी टीएनएफला धरतो. आणि उंदराचा रिसेप्टर-१ मानवी टीएनएफला ओळखतो. टीएनएफचा दुसराही एक रिसेप्टर असतो, रिसेप्टर-२; उंदराचा तो मात्र ओळखत नाही. तुमच्या पेशी मरतात त्या रिसेप्टर-१ मुळेच.

आता वितळण्याचं. हा तुकडा कच्चा नाही. त्यात सिस्टीनने भरलेले चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग गंधकाच्या बंधांनी शिवलेला आहे. डीटीटीसारखं हे बंध तोडणारं रसायन घातलं तर ती शिवण उसवेल, पण एकदा वितळून परत गोठल्याने सगळंच्या सगळं मरत नाही. थोडं कमी होईल. थोडं कमी झालं तर थोडं संरक्षण दिसायला हवं होतं. तुमच्याकडे उलटं झालं, आणि ते उलटं होणंच मला महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही वापरता तो एकेरी रिसेप्टर आहे. टीएनएफ तीन सारख्या तुकड्यांचं मिळून झालेलं असतं. एकेरी रिसेप्टर त्याला धरतो, सोडतो, परत धरतो. मोलच्या हिशेबाने तुमचं १०० नॅनोग्रॅम टीएनएफच्या सुमारे अडीचशे पट आहे, तरी अपुरं पडू शकतं. तुम्ही मात्रा कुठल्या तरी शोधनिबंधातून घेतली असणार. तिथे बहुधा अँटिबॉडीच्या एफसी भागाला (तिच्या शेपटाला) जोडलेला जोड-रिसेप्टर असेल. त्याचे दोन हात एकाच टीएनएफला पकडतात, म्हणून तो फार कमी मात्रेत काम करतो. जोडाची मात्रा एकेरीला लावली की फसगत होते. हे माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी विद्यार्थ्यांचं झालं आहे.

आणि पांढऱ्याहून पांढरे खाने कसे आले ते पाहा. टीएनएफ इतक्या पातळ द्रावणात तासन्‌तास राहिला की त्याचे तीन तुकडे सुटतात आणि सुटे तुकडे निकामी असतात. थोडासा रिसेप्टर सोबत असेल तर तो त्याला बांधून धरतो, सुटू देत नाही. मग तो पेशींजवळ गेल्यावर सोडूनही देतो. मोकळ्या रिसेप्टरची ही दुसरी बाजू १९९२ पासून नोंदलेली आहे: मात्रा भरपूर असेल तर अडवतो, कमी असेल तर टीएनएफला जास्त वेळ जिवंत ठेवतो. तुमचं मिश्रण रात्रभर आणि वर पाच तास पडून होतं. एक विचारतो: नुसत्या टीएनएफच्या खान्यात पेशी नेहमीइतक्या मेल्या होत्या का?

शेवटचं, प्लास्टिक. नॅनोग्रॅममधलं प्रथिन नुसत्या पीबीएसमध्ये ठेवलं तर ते नळीच्या भिंतीला चिकटतं. भांड्याला तूप लागावं तसं, आणि तुमच्याकडे तूपच थेंबभर. ०.१ टक्का बीएसए घातलं असतं तर भिंतीवर ते बसलं असतं आणि तुमचं प्रथिन द्रवात राहिलं असतं.

दुसरी कुपी आताच फोडू नका. आधी एलायझा करा (प्रथिन किती चिकटलं ते रंगावरून मोजायची चाचणी), तो तुमच्या कॉलेजात होईल. प्लेटला टीएनएफ लावा, बीएसएने रिकामी जागा भरा, वितळलेल्या नळीतला रिसेप्टर उतरत्या मात्रेत घाला आणि हिस्टिडिन-टॅगच्या अँटिबॉडीने पकडा. एवढंच पाहून घ्या की तुमच्या टीएनएफला स्वतःला तसाच टॅग नाही. असेल तर सगळीच प्लेट रंगेल.

---

बापूराव_वणी

ताई, मधात विचारतो म्हणून राग मानू नका. माझ्या आईला संधिवात आहे, बोटं वाकली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला इंजेक्शन दिलं, त्यावर एटानरसेप्ट लिहिलं आहे. खोक्यातल्या कागदावर टीएनएफ रिसेप्टर असं वाचलं होतं, तुमची पोस्ट पाहून आठवलं. हे तेच का? लाइन गेली की मीही रात्रभर फ्रीज उघडत नाही.

---

आर्वीकर

बापूराव, राग कसला. नात्यातलंच आहे. एटानरसेप्टमध्ये टीएनएफच्या दुसऱ्या रिसेप्टरचा, म्हणजे रिसेप्टर-२ चा बाहेरचा भाग आहे. त्याचे दोन तुकडे माणसाच्या अँटिबॉडीच्या एफसीला जोडलेले. मी वर जोड-रिसेप्टर म्हणालो तो हाच प्रकार. अमेरिकेत १९९८ मध्ये संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. तुमच्या आईच्या सांध्यांत टीएनएफ जास्त आहे, ते इंजेक्शन त्याला वाटेतच धरतं.

ताईंची कुपी मात्र फक्त प्रयोगासाठी. ती कोणाच्याही अंगात टोचायची नसते.

---

औषधी_दुकान_आर्णी

बापूरावांसाठी दोन शब्द. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजच्या मधल्या फळीवर, दारात नाही. गोठू द्यायचं नाही. लाइन जाईल या धास्तीने काही लोक ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाकतात. गोठलेलं इंजेक्शन वितळवून देऊ नका. बाहेर किती दिवस चालतं ते तुमच्याच खोक्यातल्या कागदावर असतं, प्रत्येक कंपनीचं तेच पाहावं. फ्रीज बंद ठेवता ते बरोबर करता.

आणि आईला खोकला लांबला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरलं तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. टीबीचे जंतू शरीरात कोंडून ठेवायच्या कामात टीएनएफ लागतो. तो अडवला की जुना दबलेला टीबी उठू शकतो. म्हणूनच हे औषध सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात. आपल्या भागात हे विसरून चालत नाही.

---

बापूराव_वणी

तपासणी झाली होती, छातीचा फोटोही काढला होता. ती कशासाठी ते आज समजलं. आभारी आहो.

---

पळसफूल

सर, तुमचं उत्तर वाचून वही काढली. नुसत्या टीएनएफच्या खान्यात नेहमीइतक्या पेशी मेल्या नव्हत्या. तिसरा हिस्सा तरी जगल्या होत्या. मी त्याला रंगवण्यातली चूक समजून पोस्टमध्ये लिहिलंच नाही. मात्राही जोड-रिसेप्टरच्या निबंधातलीच होती. निबंधात एका ओळीत एफसी असं लिहिलं आहे, ती ओळ मी वाचून पुढे गेले होते.

एलायझा करते आणि सांगते. टीएनएफला टॅग नाही, कागद तपासला.

---

पळसफूल (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला. मध्ये परीक्षा होत्या, मग पोळा.

एलायझा दोनदा केला. वादळाच्या रात्री वितळलेल्या चार नळ्या घेतल्या आणि शेवटी धीर करून दुसरी कुपीही फोडली, ०.१ टक्का बीएसए घातलेल्या पीबीएसमध्ये. शेजारी शेजारी लावल्या. आम्ल घातल्यावर निळ्याचा पिवळा झाला तेव्हा वरच्या ओळी डोळ्यांनी पाहूनच सारख्या वाटल्या. मोजल्यावर तीन नळ्या नव्या कुपीच्या किंचित खाली, पण वक्र तोच. चौथी नळी निम्म्याच्याही खाली. ती मी प्रत्येक वेळी काढून थोडं घेऊन परत ठेवायची, वहीत सहा वेळा नोंद आहे. म्हणजे वादळाने नाही, माझ्या हाताने गेली. आता एका प्रयोगापुरतं एका नळीत, नळी उघडली की उरलेलं परत ठेवायचं नाही.

नागपूरला या खेपेला काहीच मिसळून नेलं नाही. टीएनएफ वेगळं, रिसेप्टर वेगळा, दोन्ही घट्ट आणि बीएसएसोबत. तिथे पोचल्यावर सीरम असलेल्या माध्यमात पातळ करून मिसळलं आणि तासभर ३७ अंशांत ठेवून पेशींवर घातलं. रिसेप्टर १०० नॅनोग्रॅमपासून २ मायक्रोग्रॅमपर्यंत. टीएनएफचीही सहा मात्रांची स्वतंत्र ओळ लावली, यापुढे प्रत्येक प्लेटवर ती लावणार.

दुसऱ्या दिवशी रंग धुताना मी नळाची धार अगदी बारीक ठेवली होती. नुसत्या टीएनएफच्या खान्यांतून रंग सगळा वाहून गेला, तळ स्वच्छ. १०० नॅनोग्रॅमला कडेने फिकट जांभळी झाक. ५०० ला अर्धा तळ भरलेला. २ मायक्रोग्रॅमला टीएनएफ न घातलेल्या खान्याइतकाच गडद. तिथल्या तंत्रज्ञ ताईंना बोलावून दाखवलं. त्यांनी प्लेट खिडकीशी नेली आणि म्हणाल्या, आता तुझ्या फुलांचं पाहू.

एक अडचण उरली आहे. २ मायक्रोग्रॅमच्या मात्रेने माझं प्रथिन चार-पाच प्लेटांत संपेल. सर, जोड-रिसेप्टर घेतला तर तो महाग असला तरी मात्रा कमी लागेल, म्हणजे एकूण स्वस्त पडेल का? की पूर्ण संरक्षणाचा हट्ट सोडून अर्ध्या संरक्षणाच्या मात्रेवरच तुलना करावी?

जनावरांचा दवाखाना दादा, नाणं ठेवलं आहे. परवा लाइन सहा तास गेली होती, नाणं वरच आहे.

---

आर्वीकर

वा ताई. चौथ्या नळीचं शोधून काढलंत, ते फार बरं केलंत.

जोड-रिसेप्टर घ्या, पण आधी एकच छोटी कुपी. पूर्ण संरक्षणाचा एक खाना प्रत्येक प्लेटवर हवाच, तो जोडाने थोडक्यात होईल. उरलेला एकेरी रिसेप्टर अर्ध्या संरक्षणाच्या मात्रेला वापरा, अर्काची तुलना तिथेच जास्त नीट दिसते, कारण वरखाली दोन्हीकडे जागा असते. आणि पळसाचा अर्क स्वतःच पिवळा-केशरी आहे, तो क्रिस्टल व्हायोलेटच्या मोजणीत मिसळेल. टीएनएफ नसलेल्या पेशींवर नुसता अर्क घातलेले खानेही लावा, आणि रंगवण्याआधी पेशी दोनदा धुवा.

पुढच्या प्लेटचा फोटो टाका.